सुरंगवाडीच्या विहिरीचे जीव

माझ्या नातीनं बोट घेतली आणि तिच्या मागच्या अंगाला निळ्या रंगानं माझ्या सुनेचं नाव लिहिलं. त्रिशला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची, घरातलं पहिलं ताट वाढायचं ते माझ्या हातानं, आणि नाव सुनेचं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "बरं केलंस. बुडली तर तिचं नाव जाईल."

आम्ही निपाणीजवळचे जैन. वेदगंगेला पूर येतो तेव्हा बघायला जायचं, मोठं पाणी म्हणून तेवढंच आम्हाला ठाऊक. पण आमची क्षमा बेळगावात इंजिनेर झाली, बेंगळूरला तीन वर्षं कंप्युटरसमोर बसली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "आज्जी, मी शीड चालवायला शिकतोय." पोळी लाटायला शिकली असती, तरी मला एवढं नवल वाटलं नसतं. दोन वर्षं ती घाटाखाली किनाऱ्यावर राहिली, दुसऱ्यांच्या हौसेच्या बोटी चालवल्या, आणि आता तिची स्वतःची. हौशी लोकांना घेऊन तीन दिवस या खाडीतनं त्या खाडीत फिरवायचं, असा तिचा बेत. कुठल्या खाडीत कुठला वारा अडतो, कुठं तळाला वाळू आहे आणि कुठं चिखल, कुठं नांगर धरतो आणि कुठं घसरतो, हे सगळं तिला तोंडपाठ. णमोकार मंत्र म्हणताना मात्र अजून अडखळते.

माझा मुलगा जिनेंद्र, म्हणजे क्षमाचा बाप, तंबाखूच्या वखारीत बसतो. बसतो म्हणजे खरंच बसतो, उठत नाही. तो हट्टाला पेटला. "पाण्यावर राहून धर्म पाळला जात न्हाय. तिला म्हणावं बोट ईक आणि घरला ये. बघायला येणारी माणसं इचारत्यात मुलगी कुठं हाय, मी काय सांगू, दर्यात हाय म्हणून?"

घरात मला सगळे आक्का म्हणतात, पोटचा पोरगासुद्धा. मी सोप्यात बसून सगळ्यांदेखत सांगितलं, "मी जातो तिच्याबरोबर तीन दिवस. तिन्ही दिवस गाळलेलं पाणी आणि दिवस असताना जेवण मिळालं, तर पोरगी बोटीवर ऱ्हाईल. एक जेवण चुकलं, तर बोट ईकून घरी येईल आणि वखारीत बसंल. पुन्हा हा विषय न्हाय."

क्षमा फोनवर होती. ती म्हणाली, "चालंल आज्जी." विचारसुद्धा केला नाही पोरीनं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण दिलेला शब्द मागं घेतलाय असं निपाणी ते चिकोडी कुणी दाखवून द्यावं.

आता आमची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मावळायच्या आधी दोन घटका, घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं, आमचे हात धुतलेले असतात. त्यानंतर घास नाही. जिनू म्हणतो सूर्य दिसतोय तोवर चालतं. ते त्याच्या पोटाचं शास्त्र आहे, माझं नाही. आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं. फडक्यावर जे राहतं त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. डोळ्याला दिसत नाहीत असले जीव. गाळलेल्याच पाण्यानं फडकं हळू धुवायचं आणि ते जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे. आपली जनावरं आपण दुसऱ्याच्या गोठ्यात बांधतो का? तसंच हे. वरून ओतायचंसुद्धा नाही, आपटून मरतील. त्यासाठी माझ्याकडं पितळेचा लोटा आहे, बुडाला कडी असलेला. दोर कडीला बांधून काठावरच्या आकड्यात अडकवायचा आणि सोडत सोडत न्यायचा, पाण्याला टेकला की दोर आकड्यातनं सुटतो आणि लोटा आपोआप पालथा होतो.

तर फडकं, लोटा, दोर, लवंगा, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जिनू एवढं सामान घेऊन मी निघाले. जिनू म्हणाला, साक्षीला येतो. बेळगाव गेलं, खानापूर गेलं, घाट उतरताना त्याला दोनदा गाडी थांबवून वारा घ्यावा लागला. मी विचार केला, याला रस्ता सोसत नाही, हा समुद्र काय सोसणार.

धक्क्यावर मष्णू उभा होता, बोटीवर क्षमाच्या हाताखाली असतो तो. खानापूर तालुक्यातला, साठीचा माणूस, अंगानं वाळलेला. मला म्हणाला, "या आक्का. मी बी डोंगराकडलाच. आदी लाकडाच्या डेपोत होतो. आता लाकडावर तरंगतो."

क्षमा म्हणाली, "मष्णूमामा, ही लाकडाची न्हाय, फायबरची हाय."

"व्हय? एवढे दिवस झाले, मला कुणी सांगितलं न्हाय."

मला माणूस आवडला.

पहिल्या दिवशी कातळबंदर नावाच्या ठिकाणी नांगर टाकला. तिथं धक्क्याला मासेमारीच्या बोटी दाटीवाटीनं लागलेल्या. वास असा की मी नाकाला पदर लावला तो जेवण होईपर्यंत काढला नाही, पदराआडून जेवले. पण विहीर गोड्या पाण्याची होती, जिवाणी जागच्या जागी सोडली, आणि पाच वाजता हात धुतले. दुसऱ्या दिवशी सुरंगवाडी. ती खाडी म्हणजे डोंगरानं ओंजळ करून पाणी धरलंय अशी. काठाला माड, माडांमागं एक विहीर, आणि आत चार-पाच हौसेच्या बोटी बदकांसारख्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या. मी विचारलं, "ह्या सगळ्या तिकडंच का बघत्यात?" क्षमा म्हणाली, "वाऱ्याकडं तोंड करत्यात आज्जी. नांगर टाकला की बोट आपणहून वळते." आमच्या गावात माणसांचंही तसंच आहे, पण ती नांगर नसतानाच वळतात.

सुरंगवाडीला येताना वाटेतच पोरीनं मला सुकाणू धरायला दिलं.

त्याआधी मी शहाणी बाई होते. सुकाणू म्हणजे एक लाकडी दांडा. डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते, उजवीकडं ढकलला की डावीकडं. क्षमा म्हणाली, "लोकांना हे कळायला दोन दिवस लागत्यात." मला दोन मिनिटं लागली नाहीत. माझे मालक पारिसा पन्नास वर्षं असेच चालले. इकडं जा म्हटलं की तिकडं, म्हणून मी नेहमी उलटंच सांगायचे, आणि संसार बरोबर ठिकाणी पोचला.

शिडात वारा भरला, बोट एका अंगावर कलली, आणि मला हसू फुटलं. थांबेना. पोटात गुदगुल्या झाल्यासारखं, जत्रेतल्या पाळण्यात खाली येताना होतं तसं, पण पाळणा खाली येऊन थांबतो, हे थांबतच नव्हतं. पदर कमरेला, चष्म्याला सुतळी, तोंडावर खारं पाणी, आणि मी खिदळत होते. जिनू कठड्याला धरून हिरवा झाला होता. म्हणाला, "आक्का, वयाचं भान ठेव." मी दांडा जरा जास्तच ढकलला. एक लाट आली आणि त्याच्या सदऱ्यात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरंगवाडीच्या विहिरीवर मी पाणी काढत होते. आजचा एक दिवस निघाला की पोरगी जिंकली. संध्याकाळचं जेवण पुढच्या बंदरावर, पाच वाजता, तिथं गाडी आलेली असणार. जिनू रात्रभर बरा झोपला होता, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आज सुकाणू मी धरतो. बघू तर काय एवढं हाय त्यात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाणी गाळलं, ते टिकावं म्हणून कळशीत लवंग टाकली, फडकं धुऊन जिवाणी लोट्यात घेतली. तेवढ्यात किनाऱ्यावरून मष्णूनं हाक दिली, "आक्का, वहोटी लागली, होडी वाळूत बसंल, चला बिगीबिगी." आणि मी बघितलं तर जिनूनं एक पाय होडीत टाकलेला. मग काय. कळशी डोक्यावर, पिशवी काखेत, मी धावले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वाळूतनं. त्याच्या आधी मोठ्या बोटीवर चढले आणि दांडा धरून बसले.

दहा वाजता जेवलो. जिनूनं दोन भाकरी खाल्ल्या आणि अर्ध्या तासात दोन्ही समुद्राला देऊन टाकल्या. वारा पाठीमागून होता, बोट झोकात चालली होती, आणि मी सुकाणू कुणाला हात लावू दिलं नाही.

दोन वाजता चष्मा पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीत हात घातला. हाताला लोटा लागला. वरून फडकं बांधलेलं. आत पाणी हललं.

सुरंगवाडीचे जीव माझ्या पिशवीत.

खरं सांगते, पहिला विचार असा आला की गप्प बसावं. कुणी बघितलं नव्हतं. पण लोटा मांडीवर होता आणि आतलं पाणी बोटीबरोबर डुचमळत होतं. आयुष्यभर मी सुनांच्या फडक्याकडं डोळ्यात तेल घालून बघितलं. त्रिशलेनं लग्नाच्या पहिल्या वर्षी जिवाणी मोरीत ओतली तर मी आठ दिवस तिच्या हातचं पाणी प्याले नाही.

मी लोटा वर काढला. "विहिरीत सोडायचं ऱ्हायलं," म्हटलं.

जिनू बाकावर आडवा होता. त्यानं एक डोळा उघडला. "मग सोड की समुद्रात. पाण्यातलं पाण्यात."

"गोड्या विहिरीचे जीव खाऱ्यात? तुला नेऊन मिठागरात बसवू का?"

"आक्का, बारा मैल मागं हाय ती विहीर."

"मला मैल मोजता येत न्हाईत. विहीर त्यांची हाय एवढं कळतं. आणि हे सुटल्याबिगर मी अन्नाला हात लावणार न्हाय."

हिशेब लहान पोरालाही कळला असता. मागं फिरलो तर वारा तोंडावर. पोचायला सहा वाजतील. साडेपाचनंतर मी जेवत नाही. आणि एक जेवण चुकलं की बोट गेली.

क्षमानं शिडाकडं बघितलं, सूर्याकडं बघितलं. "सुरंगवाडीचीच ना गं?"

"व्हय."

"मष्णूमामा, दोऱ्या घ्या. वळायचं."

जिनू उठून बसला. "क्षमा, ऐक आदी. बोट जाईल तुझी. कळतंय का?"

"कळतंय आप्पा. जरा पाय वर घ्या, दोरी जाऊ दे."

वाऱ्याच्या तोंडाला बोट सरळ जात नाही. नको असलेल्या पाहुण्याच्या दारावरून माणूस जातो तशी जाते, थोडी या बाजूनं, थोडी त्या बाजूनं, पण पुढं सरकते. इंजिनही लावलं. ते म्हाताऱ्या म्हशीसारखं धापा टाकत होतं. क्षमा आणि मष्णू दोऱ्यांवर, म्हणून सुकाणू माझ्याकडंच राहिलं. आपलीच चूक आणि आपल्यालाच गंमत, अशी माझी दशा. लाट पुढच्या टोकावर फुटायची, पाणी अंगावर यायचं, मी डाव्या हातानं लोटा छातीशी धरायचे, उजव्या हातानं दांडा, आणि मध्येच हसू यायचं ते दाबायचे.

बोट फार कलायला लागली तेव्हा क्षमा म्हणाली, "आप्पा, वरच्या बाजूला बसा. तुमचं वजन पायजे."

जिनूला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. डॉक्टरपासून बायकोपर्यंत सगळे त्याला वजन कमी कर म्हणत आले. तो सरकत जाऊन कठड्यावर बसला आणि बोट खरोखर सरळ झाली. मष्णू म्हणाला, "वा आण्णा, तुमी आला म्हणून बरं झालं. न्हायतर दोन पोती वाळू भरावी लागली असती."

बोट वळली की त्यानं दुसऱ्या बाजूला जायचं. पहिल्यांदा चार पायांवर गेला. दुसऱ्यांदा बसून घसरत गेला. पाचव्यांदा वळायच्या आधीच म्हणाला, "आता माझी पाळी ना?" आठव्यांदा तर क्षमालाच सांगायला लागला, "आता वळ, वारा हिकडनं येतोय, झोपलीस का?" ओकारी कुठल्या कुठं गेली. पोटात काही उरलंच नव्हतं, पण तोंडावर लाली आली. मी म्हटलं, "जिनू, पोरगी हरली तर तुझ्या मनासारखं हुईल, मग तू कशाला घाई करतोस?"

"गप बस आक्का, तू सरळ बघून चालव."

पाच वाजले तेव्हा सुरंगवाडीचा डोंगर दिसला. ओहोटीनं ओसरलेलं पाणी अजून भरलं नव्हतं. खाडीच्या तोंडाला वाळूची पाठ उघडी पडलेली. मष्णू म्हणाला, "रोजच्या जाग्याला बोट जाणार न्हाय. भरती येईस्तवर भाईरच थांबाय लागतंय. सात वाजत्यात."

"आत जायचंच न्हाय," क्षमा म्हणाली. "उत्तरेच्या कातळाच्या आडोशाला टाकू."

"तितं कोण नांगर टाकत न्हाय."

"टाकत न्हाईत कारण पावसाळ्यात तिथं लाटा येत्यात. पण हा वारा त्या कातळानं अडतो. खाली वाळू हाय, मी दोनदा बुडी मारून बघितलंय. तिथनं विहीर जवळ पडती."

मष्णूनं मान हलवली. पण कातळ अजून लांब होता. क्षमानं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. वीस मिनिटं होती. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"आज्जी, साडेपाचच्या आत न्हाय पोचत आपण. पावणेसहा हुतील." दोरी हातातनं न सोडता म्हणाली. "मी येतो घरी. पण आदी ह्यांना सोडू."

ह्यांना म्हणाली. लोट्याकडं बघून, जसं काय आत पाहुणे बसलेत.

मी साठ वर्षांत दोन शब्द कधी उच्चारले नव्हते. सासूसमोर नाही, मालकांसमोर नाही. ते समुद्रावर उच्चारले. "चूक माझी," म्हटलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल अशी आशा होती, पण मष्णूचे कान तरुण निघाले. "आक्का काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. सगळ्यांनी ऐका." मी लोटा मांडीत घट्ट धरला, मावळतीकडं तोंड केलं, णमोकार म्हटला आणि मोठ्यानं सांगितलं, "सकाळी दहाला मी एकदा जेवलो. आता उद्या सूर्य उगवेस्तवर अन्नपाण्याचा त्याग. आज माझं एकाशन."

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. जिनूला कळायला वेळ लागला नाही, तो माझाच मुलगा आहे.

"आक्का, ही पळवाट झाली."

"व्रताला पळवाट म्हणतोस? दसलक्षण पर्वात तू दहा दिवसांत एक एकाशन करतोस आणि वर्षभर सांगत फिरतोस."

"पण ठरलं काय होतं, जेवण चुकलं तर..."

"चुकलं म्हणजे पायजे होतं आणि मिळालं न्हाय. मला नकोच हाय. मष्णू, तू कुणाच्या बाजूचा न्हाईस, तू सांग."

मष्णू दोरी गुंडाळत होता. "आमच्यात एकादशीला भगर, साबुदाणा, वरीचं थालीपीठ एवढं खाऊन बी उपासच म्हणत्यात. आक्कांनी तर कायबी खाल्लं न्हाय. माझ्या मतानं हे चोख हाय."

जिनू माझ्याकडं वळला. "भूक लागलीया का न्हाय तुला? खरं सांग."

"लई लागलीया. भूक नसताना व्रत कोण बी करतं."

"मग माझं बी एकाशन."

"तुझं कसलं एकाशन? सकाळचं बी तू माशांना घातलंस. तुझा अख्खा उपास झालाय."

क्षमा हसत सुटली. एवढी हसली की दोरी सुटली, शीड फडफडलं, बोट डगमगली आणि जिनू कठड्यावरून थेट खाली येऊन माझ्या पायाशी बसला. कुणी त्याला उठवलं नाही, सगळेच हसत होते, तोसुद्धा. मग मीच म्हटलं, "वारा जातोय, दात नंतर काढा."

कातळाच्या आडोशाला गेलो आणि वारा दार लावल्यासारखा बंद झाला. नांगर खाली गेला, साखळी खडखडली, बोट थोडी मागं सरकली आणि थांबली. मष्णूनं साखळीला पाय लावून बघितलं. "धरलं की. चिखलागत न्हाय, चांगलं धरलंय." त्याला हे मान्य करताना जरा त्रास झाला, पण केलं.

क्षमानं मला होडीतून काठाला नेलं. खडकावरून दहा पावलं, माडांतून पन्नास. विहिरीवर ऊन अजून तिरपं पडलं होतं. मी फडकं सोडलं, लोट्याच्या कडीला दोर बांधून आकड्यात अडकवला आणि हळूहळू खाली सोडला. लोटा पाण्याला टेकला, जरा घुटमळला आणि पालथा झाला. पाण्यावर एक गोल उठला, मोठा होत होत दगडाला लागला.

"गेले?" क्षमानं वाकून विचारलं.

"गेले. घरी गेले."

"बारा मैल जाऊन बारा मैल आले. आपल्या विहिरीतल्या बाकीच्यांना काय सांगतील?"

"सांगतील, एका म्हातारीनं फुकटात फिरवून आणलं."

मागं वळलो तर जिनू खडकावर उभा. होडी नाही म्हणून गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आला होता, सगळे कपडे भिजलेले, हातात मोबाईल उंच धरलेला. "त्रिशलेचा फोन हाय. इचारतीया, क्षमा येतीया का घरी."

क्षमानं माझ्याकडं बघितलं. मी जिनूकडं बघितलं. हे मी बोलणार नव्हते. साक्षीला आलो म्हणाला होता, साक्ष त्यानं द्यायची.

त्यानं मोबाईल कानाला लावला. "न्हाय," तो म्हणाला. "न्हाय येत. तिन्ही दिवस नीट झालं." मग पलीकडचं ऐकून म्हणाला, "आक्का? आक्का बरी हाय. लई बरी हाय. भाजी थोडीच टाक, उद्या मी एकटाच येतोय असं दिसतंय."

"तुला कुणी सांगितलं एकटा जाणार म्हणून?" मी म्हटलं.

"तुझं तोंड बघून सांगतोय."

मी दोर गुंडाळला, लोटा पुसला. "क्षमा, ह्याच्या पुढच्या खाडीत विहीर हाय का गं?"

"हाय, पण टेकाडावर हाय. चढ हाय."

"मग उद्या लवकर निघू," मी म्हटलं.